आईसाठी फोन: पडदा दाट हवा की बॅटरी मोठी?

रानवाट

नमस्कार मंडळी. आईसाठी फोन घ्यायचा आहे. महिनाभर शोधून दोन फोनांवर येऊन थांबले आहे आणि आता पुढे जाता येत नाहीये.

आई जव्हार तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. हजेरी, आहार, मुलांची वजनं-उंची, गृहभेटी, सगळी नोंद पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर होते. घरपोच आहार देताना लाभार्थीची चेहरा पडताळणी करावी लागते, म्हणजे कॅमेरा आणि इंटरनेट दोन्ही चालू. दुपारनंतर ती पाड्यांवर फिरते. तिथे रेंजची एक दांडी मिळाली तर मिळाली. सध्याचा फोन चार वर्षांचा आहे आणि दुपारी दोनलाच मान टाकतो. पॉवरबँक देऊन पाहिली. वायर लोंबत असताना एका हातात फोन धरून बाळाचा फोटो घेणं तिला जमत नाही.

बजेट सोळा हजारांपर्यंत. दोन्ही फोन ५जी आहेत.

पहिला: ६.६७ इंची एलसीडी पडदा, ७२० × १६०४ पिक्सेल, ६००० एमएएच बॅटरी.
दुसरा: ६.६७ इंची अमोलेड पडदा, १०८० × २४०० पिक्सेल, ५००० एमएएच बॅटरी.

भाऊ म्हणतो, आजच्या काळात ७२०चा पडदा कुणी घेतं का, आईला अक्षरं फुटलेली दिसतील. मला वाटतं तिला दिवसभर टिकणारा फोन हवा, बाकी सगळं नंतर. पण रात्री जेवणं झाली की ती अर्धा-पाऊण तास फोनवर वाचते, आणि तो तिचा दिवसातला एकमेव स्वतःचा वेळ आहे. तोही मला खराब करायचा नाही. वय ५२, चाळिशीचा चष्मा आहे.

चिंचवडचा_अभियंता

प्रश्न नीट मांडलात, म्हणून नीट उत्तर देतो. थोडं लांबेल.

पहिल्या पडद्यावर साधारण ११.५ लाख पिक्सेल आहेत, दुसऱ्यावर २५.९ लाख. सव्वादोन पट. यावरून लोक थेट म्हणतात की दुसरा फोन सव्वादोन पट बॅटरी खाणार. तसं होत नाही. रिझोल्युशनचा खर्च दोन वेगवेगळ्या ठिकाणी होतो आणि दोन्ही वेगळे तपासावे लागतात.

पहिला खर्च चित्र तयार करणाऱ्या चिपचा, म्हणजे जीपीयूचा. जास्त पिक्सेल, जास्त रंगवणं. गेम खेळताना हा खर्च जाणवतो. पण तुमच्या आई फॉर्म भरतात, मजकूर वाचतात. पडद्यावर काही हलत नसेल तेव्हा जीपीयूला जवळजवळ काम नसतं. त्यांच्या वापरात हा खर्च किरकोळ आहे.

दुसरा खर्च खुद्द पडद्याचा, आणि इथे एलसीडी आणि अमोलेडचे मार्ग वेगळे होतात. एलसीडीमध्ये मागे एक दिवा सतत पेटलेला असतो. त्याचा निम्म्याहून जास्त प्रकाश पहिल्या पोलरायझरमध्येच (प्रकाश गाळणाऱ्या थरात) जातो, उरलेल्याचा मोठा भाग रंगांच्या गाळणीत. शिवाय प्रत्येक पिक्सेलमधले ट्रान्झिस्टर आणि त्यांच्या तारा प्रकाश अडवतात. पिक्सेल जितके बारीक, तितकी प्रकाश जायला मोकळी जागा कमी, म्हणून तेवढाच उजेड हवा तर मागचा दिवा जास्त जोरात पेटवावा लागतो. एलसीडीत दाट पडद्याची खरी किंमत ही आहे.

याचं सगळ्यांना आठवेल असं उदाहरण म्हणजे २०१८चे आयफोन. एक्सआरमध्ये ६.१ इंची एलसीडी, ८२८ × १७९२, म्हणजे ३२६ पीपीआय (इंचाला ३२६ ठिपके). एक्सएसमध्ये ओलेड (अमोलेडच्याच जातीचा पडदा), ४५८ पीपीआय. किंमत एक्सएसची बरीच जास्त. पण ॲपलनेच दिलेले आकडे पाहा: व्हिडिओ एक्सआरवर १६ तास, एक्सएसवर १४. इंटरनेट एक्सआरवर १५ तास, एक्सएसवर १२. एक्सआरची बॅटरीही थोडी मोठी होती, त्यामुळे सगळं श्रेय पडद्याला देता येणार नाही. तरी कमी पिक्सेल आणि जरा मोठी बॅटरी एकत्र आल्या की काय होतं ते त्यात दिसतं.

अमोलेडमध्ये मागचा दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळा ठिपका बंद असतो. तिथे खर्च ठरतो तो पडद्यावर काय दिसतंय आणि उजेड किती ठेवलाय यावर. रिझोल्युशन बरंच मागे राहतं.

आता तुमच्या आईचं काम म्हणजे पांढऱ्या पार्श्वभूमीचे फॉर्म. अमोलेडला सर्वात महाग पडणारा रंग पांढराच. डार्क मोडने बॅटरी वाचते हे खरं, पण कधी? पर्ड्यू विद्यापीठाने २०२१मध्ये मोजून दाखवलं की उजेड ३० ते ५० टक्के असताना बचत फक्त ३ ते ९ टक्के होते आणि उजेड पूर्ण असताना ३९ ते ४७ टक्के. म्हणजे उन्हात फायदा मोठा, पण ॲपच पांढरं असेल तर तो हाती येत नाही.

माझं मत: १००० एमएएच म्हणजे पाचवा हिस्सा जास्त बॅटरी. आईंच्या वापरात रिझोल्युशनमुळे तेवढा फरक पडणार नाही. तेव्हा "७२० म्हणून बॅटरी टिकेल" या कारणासाठी पहिला फोन घेऊ नका. ६००० आहे म्हणून घेतलात तर ते कारण खरं आहे.

निशाचर

भावाच्या बाजूने बोलणारं कुणीतरी हवं, म्हणून मी.

माझ्याकडे १४४० × ३२०० चा फोन आहे. सुरुवातीला बॅटरीसाठी सेटिंगमधून १०८० वर ठेवला होता. दोन-दोन आठवडे दोन्ही प्रकारे वापरला, रोज रात्री उरलेली टक्केवारी वहीत लिहिली. मला फरक सापडला नाही. अभियंता म्हणतात तेच, सेटिंग बदललं तरी पडद्यावरचे ठिपके तेवढेच राहतात, कमी होतं ते फक्त जीपीयूचं काम.

पण वाचनात फरक आहे. मी रात्री पडून, फोन डोळ्यांच्या अगदी जवळ धरून वाचतो. ७२०च्या फोनवर मला अक्षरांच्या कडा दिसतात आणि एकदा दिसल्या की दिसतच राहतात. आईंच्या त्या अर्ध्या तासाचा विचार करा.

अक्षरवेळ

मी वीस वर्षं मराठी मजकूर जुळवण्याचं काम करतेय, आधी डीटीपी, आता पडद्यासाठी. निशाचर यांचा मुद्दा खरा आहे, पण तो त्यांच्या डोळ्यांपुरता. सांगते का.

निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतकं बारीक वेगळं ओळखतो. ३० सेंटिमीटरवर हे अंतर होतं ०.०८७ मिलिमीटर, म्हणजे इंचाला सुमारे २९० ठिपके. २०१०मध्ये आयफोन ४ बरोबर स्टीव्ह जॉब्स यांनी जो ३००चा आकडा सांगितला, तो याच हिशोबातला, फोन दहा-बारा इंचांवर धरला असं मानून. त्या फोनचे होते ३२६. फोन २५ सेंटिमीटरवर आणला तर गरज ३५० वर जाते. ४० सेंटिमीटरवर नेला तर २२० पुरतात.

रानवाट, तुमच्या पहिल्या फोनचे येतात २६४ पीपीआय, दुसऱ्याचे ३९५. निशाचर पंचवीस सेंटिमीटरवर वाचतात, त्यांना २६४ खुपणारच. चाळिशी लागलेलं माणूस फोन लांब धरतं. आईंचं अंतर एकदा पट्टी घेऊन मोजा. चाळीसच्या आसपास निघालं तर हिशोबाप्रमाणे दोन्ही पडदे त्यांना सारखेच दिसायला हवेत.

पण हा हिशोब इंग्रजी अक्षर डोळ्यांपुढे ठेवून कामाला येतो. देवनागरीचा ताण जास्त आहे, आणि फोनच्या परीक्षणांत हे कुणी लिहीत नाही म्हणून मला लिहायचंच आहे. रोमनची बरीच छोटी अक्षरं एका मजल्यावर उभी असतात. आपलं अक्षर तीन मजली. मध्ये अक्षर, वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षराचा उरलेला भाग. 'मूर्तींना' लिहा: शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघं एकाच कोपऱ्यात. 'उद्ध्वस्त' लिहा: खाली गर्दी. आणि 'आचार्यांना' व 'आचाऱ्यांना' यांतला फरक तर एका बारीक वळणाचा आहे, पण एक शब्द गुरुजींचा आणि दुसरा स्वयंपाक्याचा. ही वळणं ठिपक्या-दोन ठिपक्यांत बसवावी लागली की धूसर होतात.

उपाय मात्र सोपा आहे आणि फुकट आहे. ७२०च्या फोनवर १६ मापाचं अक्षर साधारण ३२ पिक्सेल उंचीच्या चौकटीत बसतं, १०८०च्या फोनवर साधारण ४४. सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार १.३ पट केला की ३२चे जवळपास ४२ होतात. दाट पडद्यावर मुळात जेवढे पिक्सेल एका अक्षराला मिळाले असते, तेवढेच. चाळिशीच्या डोळ्यांना मोठं अक्षर तसंही हवंच असतं. ओळीत शब्द कमी मावतात, एवढंच नुकसान.

अपवाद पीडीएफचा. तिथे अक्षराचा आकार सेटिंगने बदलत नाही. फोन उभा धरून पूर्ण पान बघितलं तर अख्खी ओळ ७२० ठिपक्यांत कोंबली जाते. फोन आडवा केला की तीच ओळ १६०४ ठिपक्यांत पसरते. आई काय वाचतात?

रानवाट

अक्षरवेळ, खूप धन्यवाद, तिसऱ्या मजल्याचं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आई दिवाळी अंकांतल्या कथा वाचते, मैत्रिणी व्हॉट्सॲपवर लेख पाठवतात ते वाचते, आणि गुरुवारी पोथीची पीडीएफ. व्हिडिओ जवळजवळ नाहीच. अंतर मोजलं, वाचताना ४३ सेंटिमीटर!

निफाडचा_बागाईतदार

उन्हाबद्दल कुणी बोललं नाही अजून. मी द्राक्षबागेत आणि ई-पीक पाहणीला फोन वापरतो. दुपारी बारा वाजता बांधावर उभं राहिलं की पडदा ७२० आहे का १०८० हे कळायला आधी पडदा दिसावा लागतो. माझा आधीचा एलसीडी फोन हाताची ओंजळ करून बघावा लागायचा. आता अमोलेड आहे, उन्हात स्वतःहून उजेड वाढवतो आणि दिसतो. पण त्याच वेळी बॅटरी भराभर उतरते आणि फोन तापतो, तापला की उजेड आपोआप कमी करतो. दोन्ही बाजू सांगितल्या.

ताई, दुकानात घेताना दुकानाच्या बाहेर उन्हात येऊन बघा. आतल्या ट्यूबलाइटखाली सगळे फोन चांगले दिसतात.

विट्याचा_दुरुस्तीवाला

धंदा मोबाईल दुरुस्तीचा, चौदा वर्षं झाली. फोन पडतो तेव्हाचा हिशोब कुणी धरत नाही. एलसीडीचा कॉम्बो (काच आणि पडदा एकत्र) त्या किमतीच्या फोनला परवडेल असा मिळतो. अमोलेडचा मूळ दर्जाचा कॉम्बो घ्यायला गेलं तर पंधरा हजाराच्या फोनला बसवावा की नवीन फोन घ्यावा असा विचार पडतो. मग गिऱ्हाईक कमी पैशात दुय्यम कॉम्बो टाकून मागतं, आणि त्यात रंगही जातो, उजेडही जातो, बॅटरीही जास्त खातो. म्हणजे ज्या पडद्यासाठी जास्त पैसे मोजले तोच राहत नाही.

लहान मुलांमध्ये वापरायचा फोन आहे. पडणार. पहिल्या दिवशी जाड कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास.

निशाचर

दुरुस्तीचा मुद्दा मला नवीन आहे, मान्य. आणि ४३ सेंटिमीटर असेल तर माझा अनुभव इथे लागू पडत नाही हेही मान्य.

एक भर घालतो. कंपन्यांनाही हे कळलेलं दिसतं. सोनीने २०१५मध्ये झेड५ प्रीमियममध्ये ५.५ इंचांत ४के बसवलं, ८०६ पीपीआय. पण एरवी तो फोन १०८०पीवरच चालायचा, ४के फक्त फोटो आणि व्हिडिओला. पुढे एक्सपीरिया १ मालिकेत ४के चालू ठेवलं आणि २०२४च्या एक्सपीरिया १ सहाव्या आवृत्तीत ते सोडून फुल एचडी प्लसवर, म्हणजे १०८०वर आले. वनप्लस १३ मध्ये १४४० × ३१६८ चा पडदा आणि ६००० एमएएच होतं, वनप्लस १५ मध्ये पडदा १२७२ × २७७२ वर आणला आणि बॅटरी ७३०० केली. दाट पडद्याची हौस सर्वात जास्त होती त्यांनीच हात आखडता घेतला.

चिंचवडचा_अभियंता

निशाचर, अगदी. आणि त्याला जोडून, अमोलेडच्या आकड्यात एक गोष्ट झाकलेली असते. एलसीडीत प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन उपठिपके असतात. बहुतेक अमोलेड पडद्यांत सरासरी दोनच असतात, हिरवे पूर्ण आणि लाल-निळे निम्मे. तेव्हा पहिल्या फोनचे साडेअकरा लाख गुणिले तीन, म्हणजे सुमारे साडेचौतीस लाख उपठिपके. दुसऱ्याचे पंचवीस लाख ब्याण्णव हजार गुणिले दोन, म्हणजे सुमारे बावन्न लाख. खोक्यावर सव्वादोन पट दिसणारा फरक प्रत्यक्षात दीडपट आहे. दुसरा पडदा जास्त स्वच्छ आहेच, पण आकडा सांगतो तितका नाही.

आता मला रिझोल्युशनपेक्षा जास्त छळणारा प्रश्न. तुमच्या आईचा सध्याचा फोन दोन वाजता का संपतो? बॅटरी जुनी झाली हे एक. पण मला संशय रेंजचा आहे. टॉवर लांब असला की फोनला जास्त जोर लावून बोलावं लागतं. ५जी क्षणभर मिळतं, जातं, फोन पुन्हा ४जीवर येतो, पुन्हा शोधायला लागतो. हे पडदा बंद असतानाही चालू राहतं. सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या पानावर, बऱ्याच फोनांत 'सिस्टीम'च्या यादीत, मोबाईल नेटवर्कचा वाटा वेगळा दिसतो. तो पाहून सांगाल का?

श्टुटगार्टकर

इथे युरोपात २० जून २०२५ पासून प्रत्येक नव्या स्मार्टफोनवर फ्रिजसारखं ऊर्जालेबल लागतं. त्यावर एका चार्जमध्ये किती तास-मिनिटं चालेल, किती चार्जिंगनंतरही बॅटरी ८० टक्के क्षमता टिकवेल, पडण्याला किती दाद देईल आणि दुरुस्तीला किती सोपा, हे सगळं येतं. सगळ्यांची चाचणी एकाच पद्धतीने. युरोपीय संघाच्या एप्रेल नावाच्या नोंदवहीत मॉडेल टाकून कुणालाही पाहता येतं, भारतातूनही. एमएएच किंवा पिक्सेल यांपेक्षा हा तासांचा आकडा कामाचा.

फक्त एक जपा. इथे विकला जाणारा आणि भारतात विकला जाणारा फोन एकाच नावाचा असूनही बॅटरी वेगळी असू शकते. पोको एफ७ भारतात ७५५० एमएएच, बाहेर ६५००. नथिंग फोन ३ भारतात ५५००, बाहेर ५१५०. बॅटरीचा एक सेल २० वॉट-तासांच्या वर गेला की वाहतुकीचे नियम कडक होतात, तेही यामागचं एक कारण.

रानवाट, आणखी एक विचारतो. त्याच किमतीत फुल एचडी प्लस एलसीडी आणि ६५०० एमएएच असा फोन का नको? विवो टी४एक्स ५जी असा आहे, भारतात १३,९९९ पासून आला होता, ६.७२ इंच. अमोलेड नाही, पण दाट पडदा आणि मोठी बॅटरी यांत निवड करायची वेळच येत नाही.

रानवाट

बॅटरीचं पान पाहिलं. मोबाईल नेटवर्क ३१ टक्के. पडदा त्याच्या खाली! पोषण ट्रॅकर तिसरा. मला धक्काच बसला, मी महिनाभर पिक्सेल मोजत बसले होते.

अभियंत्यांचं वाचून जुन्या फोनचं ५जी बंद करून ४जीवर ठेवलंय. शनिवारी आईला घेऊन नाशिकला जातेय, श्टुटगार्टकरांनी सुचवलेला फोनही पाहते.

रानवाट (साडेतीन आठवड्यांनी)

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं, माफ करा.

आधी जुन्या फोनचं. फक्त ५जी बंद केल्यावर तो दोनऐवजी चारपर्यंत जायला लागला. एक रुपया खर्च न करता.

दुकानात तिन्ही फोन आईच्या हातात दिले. तिन्हींवर अक्षर मोठं केलं, तोच लेख उघडला आणि कुठला किती पिक्सेलचा हे तिला सांगितलं नाही. आत बसून तिला फरक कळला नाही. मग बाहेर उन्हात आणलं (दुकानदार बिचारे सोबत उभे राहिले). उन्हात अमोलेड सगळ्यांत स्वच्छ दिसला, हे तिनेही सांगितलं. पण ७२०चा बघताना तिने नेहमीची हालचाल केली, डोक्यावरचा पदर पुढे ओढून फोनवर सावली धरली, आणि म्हणाली, "मला एवढं दिसतं की." पाड्यावर ती रोज हेच करते.

मग पोथीची पीडीएफ उघडली. तिथे मात्र ७२०वर ती थांबली. फोन आडवा कर म्हटलं, केला, वाचलं, आणि म्हणाली पान सारखं वर सरकवावं लागतंय, ओघ तुटतो. १०८०च्या दोन्हींवर उभ्यानेच वाचता आलं. अमोलेड तिला आवडला होता, पण दुरुस्तीचा खर्च ऐकल्यावर तिने तो स्वतःच बाजूला ठेवला. शेवटी फुल एचडी एलसीडी आणि ६५००वाला घेतला. वजन जरा जास्त आहे, दोनशे ग्रॅमच्या वर, त्याची तिने एकदा तक्रार केली, मग नाही.

५जी पहिल्या दिवसापासून बंद. कामाच्या दिवशी सहा वाजता घरी येते तेव्हा ४५ ते ५० टक्के उरलेले असतात. आहारवाटपाच्या दिवशी कमी, एकदा २८ होते. मागच्या आठवड्यात संध्याकाळपासून वीज नव्हती, तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन चालू होता.

एक अडचण आहे. आईने हे तिच्या मदतनीस ताईंना सांगितलं, आणि त्यांच्या फोनमध्ये ५जी बंद करायचा पर्याय आम्हाला सापडत नाहीये. कुणी सांगेल का?

चिंचवडचा_अभियंता

वाचून फार बरं वाटलं. सेटिंग्ज, मग मोबाईल नेटवर्क किंवा सिम, मग त्यांचं सिम निवडा, मग 'प्रेफर्ड नेटवर्क टाइप'. तिथे ४जी किंवा एलटीई (दोन्ही एकच) निवडायचं. दोन सिम असतील तर दोन्हींना वेगवेगळं करावं लागतं, बहुतेक तिथेच राहिलं असेल. आणि 'ओन्ली' लिहिलेला पर्याय निवडू नका, तिकडे एलटीईवरून फोन लागत नसेल तर बोलणंच बंद पडेल. ४जी, ३जी, २जी असा एकत्र असलेला घ्या.

रानवाट

दुसरं सिमच होतं. झालं! ताई विचारतायत, त्यांच्या मुलीच्या फोनलाही करू का. ती वाड्याला कॉलेजात असते.

चिंचवडचा_अभियंता

वाड्यात तिला ५जी नीट मिळत असेल तर राहू द्या. बॅटरीच्या पानावर नेटवर्कचा वाटा आधी बघायला सांगा.